चाळीस बडे बाबू

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा आमच्या सरकारी प्रशिक्षण संस्थेचेही झाले. कपाटं भंडाऱ्यात राहिली आणि त्यांच्या किल्ल्या गोंदियाला गेल्या, असं जुने लोक सांगायचे. मी तिथे लागलो तेव्हा या गोष्टीला दहा-बारा वर्षं उलटली होती, तरी एक कपाट बंदच होतं आणि त्यावर 'गोंदियाकडून किल्ली अप्राप्त' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. संस्थेचं नाव मी सांगणार नाही. ती अजून चालू आहे, आणि मला भंडाऱ्याच्या बसस्टँडवर अजून उतरावं लागतं.

माझं पद होतं 'संगणक तंत्रज्ञ (कंत्राटी)'. कंसातला शब्द आधी वाचायचा आणि बाहेरचे नंतर, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. दर अकरा महिन्यांनी माझं कंत्राट संपायचं. मग माझी फाइल बडे बाबूंच्या टेबलावरून साहेबांच्या टेबलावर जायची आणि तिथे काही दिवस मुक्काम करायची. तेवढे दिवस मी फार नम्र असायचो. एरवी माझा स्वभाव तापट आहे. मला वाटतं, कंत्राटी माणसाचा राग वर्षातून फक्त दहा महिने चालतो.

साहेब संस्थेचे प्रमुख होते, नागपूरहून येऊन-जाऊन करायचे आणि साडेअकराला पोचायचे. बडे बाबू म्हणजे हेडक्लार्क. त्यांच्या खुर्चीवर टॉवेल होता, टेबलावर काच होती आणि काचेखाली शासन निर्णय होते. संस्था खरी तेच चालवत. तिसरे मामा. आमच्याकडे शिपायाला सगळे मामाच म्हणतात. हे मामा आंधळगावचे. नोकरीला लागले तेव्हा सातवी पास होते. दहावी त्यांनी नोकरीत असताना केली, आणि ती थोरल्या मुलीबरोबर, एकाच वर्षी. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात शिकायचं वय संपत नसे. मामांना मुलीपेक्षा चार गुण जास्त पडले होते आणि ते याबद्दल मुलीची अजून माफी मागत.

या मामांना बाबू व्हायचं होतं. वर्ग चारमधून लिपिक म्हणून बढती मिळत असे. अट एकच, मराठी टायपिंगची कॉम्प्युटरवरची परीक्षा पास हवी. मामा दोनदा बसले होते, दोनदा थोडक्यात राहिले होते. आता निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. त्या हिवाळ्यात परीक्षा होती आणि तिच्यानंतर बढती समितीची एक बैठक. त्यानंतरची बैठक होईपर्यंत मामा घरी गेलेले असणार होते. म्हणजे हीच परीक्षा आणि हीच बैठक.

रोज चार वाजता लॅब झाडून झाली की मामा सतरा नंबरच्या मशीनवर बसत. आधी कीबोर्ड फडक्याने पुसत, मग हात जोडल्यासारखे करून बोटं मोडत आणि सुरू करत. जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीचा, रेमिंग्टन कीबोर्ड. परीक्षेला तोच असतो. पाच वाजेपर्यंत त्या खोलीत एका सुरात टकटक चालायची. मी बाजूला बसून माझं काम करायचो आणि मला खरंच बरं वाटायचं.

दिवाळीनंतर लॅबसाठी चाळीस नवे कॉम्प्युटर आले. जुने गेले, सतरा नंबरही नवा आला. अर्धा स्टाफ तेव्हा धानकापणीसाठी रजेवर होता आणि उरलेला अर्धा रजेवर गेलेल्यांबद्दल बोलत होता. चाळीस मशीनं एकेक करून तयार करायची तर एकेकाला अर्धा दिवस लागतो. म्हणून मी साहेबांना सांगितलं की आपण इमेज करू. म्हणजे एकच मशीन नीट तयार करायचं आणि त्याची हुबेहूब नक्कल तारेवरून बाकी सगळ्यांवर उतरवायची. मशीन चालू करताना एक बटण दाबलं की ते आपली डिस्क सोडून तारेकडे वळतं आणि विचारतं, 'माझा नंबर काय, आणि मी काय वाचू?' कोपऱ्यातला सर्व्हर उत्तर देतो, 'तुझा नंबर अमुक, ही फाइल वाच.' ती वाचली की नक्कल उतरायला लागते. तीन तासांत चाळीस तयार.

साहेबांना तीन तास आवडले. त्यांनी बैठक लावली. बैठकीत बडे बाबूंनी चष्मा काढून विचारलं, "म्हणजे मूळ प्रत एक, आणि बाकी सत्यप्रती."

मी म्हणालो, "हो, तसंच समजा."

"मग मूळ प्रत कोणाच्या नावावर?"

मी म्हणालो, कोणाच्याच नाही. नवं, कोरं मशीन घेणार.

"बिननावाची मूळ प्रत?" बडे बाबू साहेबांकडे वळले. "उद्या ऑडिटवाल्यानं विचारलं त काय सांगायचं साहेब? सत्यप्रत काढाले मूळ कोणाचं तरी लागते न."

मी हसलो. माझ्याशिवाय कोणी हसलं नाही. आमच्या कार्यालयात चहासुद्धा ज्येष्ठतेप्रमाणे वाटला जात असे, त्यामुळे पुढची पायरी सगळ्यांना उघड दिसत होती. ज्येष्ठता यादी काढण्यात आली. पहिलं नाव साहेबांचं. साहेब घाईने म्हणाले की त्यांच्या मशीनवर गोपनीय माहिती आहे. गोपनीय माहिती म्हणजे पत्त्यांचा खेळ, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरं नाव बडे बाबूंचं. ठराव झाला, इतिवृत्त लिहिलं गेलं, माझ्या हातात आदेश आला. तेव्हा मी टेबलावर हात आपटून सांगायला हवं होतं की हा मूर्खपणा आहे. पण माझ्या कंत्राटाची फाइल पुढच्या काही महिन्यांत याच दोन टेबलांवरून जाणार होती. मी म्हणालो, "ठीक आहे, करू."

आणि केलं. चाळीसही मशीनं एका दमात उतरली. नेटवर्क त्या दिवशी इतकं शहाण्यासारखं वागलं की मी स्वतःवर खूश झालो.

दुसऱ्या दिवशी चाळीस मशीनं चालू केली आणि चाळीस बडे बाबू माझ्याकडे बघून हसले. त्यांनी पडद्यावर आपल्या कुटुंबाचा फोटो लावला होता. पवनीच्या घाटावर बडे बाबू, बाजूला वहिनी, मधे लग्नाची मुलगी. आता त्या रांगांमध्ये जिकडे पाहावं तिकडे तेच तिघे. सगळ्या मशीनांचं नावही बडे बाबूंचंच, त्यामुळे नेटवर्कवर एकाच नावाचे चाळीस जण एकमेकांशी भांडत होते. लॅबमध्ये कोणी काही छापायला दिलं की ते बडे बाबूंच्या टेबलावर निघायचं. ते सवयीने त्यावर 'पाहिले' लिहून सही करायचे. एका प्रशिक्षणार्थीने मैत्रिणीला लिहिलेलं पत्रही पाहिलं गेलं, आणि त्यावर आवक क्रमांक पडला.

मी घाबरत त्यांच्याकडे गेलो. मला वाटलं, आता हे मला फाडून खातील. पण बडे बाबू लॅबमध्ये आले, दारातून सगळ्या रांगा न्याहाळल्या आणि चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चांगलं दिसून राहिलं."

त्यांच्या मशीनवर एक फाइल होती, 'मुलीचा बायोडाटा अंतिम २'. तीही अर्थात चाळीस ठिकाणी गेली. प्रशिक्षणार्थींमध्ये जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टर्समधला एक जण होता. त्याने ती वाचली, पेनड्राइव्हवर घेतली आणि आठवडाभरात त्याच्या चुलत भावाचं स्थळ बडे बाबूंच्या घरी पोचलं. मुलाचं भंडाऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मुलीची जन्मवेळ, उंची आणि आवडनिवड न विचारता सगळ्या लॅबभर पसरली, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण बडे बाबू मला आपल्या डब्यातली भाजी वाढू लागले होते, म्हणून ते वाटणं मी गुंडाळून ठेवलं.

त्या आठवड्यात एकदा मामा सतरा नंबरवरून उठून माझ्याकडे आले. हात पुढे धरलेले होते, जसा माणूस डॉक्टरला दाखवतो.

"सर, माहे हात बिघडले का जी?"

"का? काय झालं?"

"मांगच्या हप्त्यावरी बोटं बराबर पडत होते. आता 'क' दाबतो त भलतंच येऊन राहिलं. तीन दिस झाले. मी कोणाले सांगतलं नाही."

मी जाऊन बघितलं. बडे बाबू इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहीत. रेमिंग्टन त्यांच्या मशीनवर नव्हताच, त्यामुळे चाळीसपैकी एकाही मशीनवर नव्हता. मामा तीन दिवस बरोबर बटणं दाबत होते आणि चुकीची अक्षरं येताना बघून आपल्या वयाला दोष देत होते. मी त्यांना सांगितलं की हात ठणठणीत आहेत, मशीन बिघडलंय. त्यांनी इतक्या जोरात श्वास सोडला की मला स्वतःची लाज वाटली. मशीन बिघडवणारा मीच होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

सतरा नंबर मी त्याच दिवशी हाताने ठीक करून दिला. पण त्याने काय होणार? परीक्षेचं केंद्र आमचीच लॅब. बसायचं मशीन चिठ्ठी काढून ठरतं. शिवाय परीक्षावाल्यांची अट होती की मशीनं कोरी हवीत; परीक्षेचं सॉफ्टवेअर आणि रेमिंग्टन एवढंच हवं, बाकी काहीही नको. फोटो नको, बायोडाटा तर नकोच. आदल्या दिवशी तपासणीस येणार आणि एक जरी मशीन वेगळं दिसलं तर केंद्र रद्द. केंद्र रद्द म्हणजे मामांची परीक्षा पुढच्या खेपेला, आणि पुढची खेप त्यांना नव्हती.

मी बडे बाबूंकडे गेलो. म्हणालो, नवी इमेज उतरवावी लागेल, यावेळी कोऱ्या मशीनवरून.

"काहून घाई करून राहिला रे? साक्षगंध होऊ दे."

"साक्षगंधाचा आणि लॅबचा काय संबंध?"

"मुलाकडचे अजून पाहून राहिले न. काल त्याची आत्या लॅबमध्ये येऊन फोटो पाहून गेली. उद्या त्याचा मामा येते म्हणते. मधातच पोरीचा फोटो पुसून टाकतो का?"

असं माझं घोडं साक्षगंधावर, म्हणजे साखरपुड्यावर, अडलं. साक्षगंध झाला. जेवण चांगलं होतं. साहेबही आले होते, आणि साहेब आल्यामुळे होणाऱ्या जावयाने दुसऱ्याच दिवशी कार्यालयात येऊन साहेबांच्या केबिनमध्ये काहीतरी बसवून दिलं, एवढं माझ्या कानावर आलं. केबिनमध्ये मोबाइलला नेट मिळत नाही अशी साहेबांची तक्रार होती. मी तिकडे लक्ष दिलं नाही. परीक्षा पुढच्या आठवड्यात बुधवारी होती, तपासणी मंगळवारी, आणि माझ्या हातात तब्बल आठ दिवस होते. तीन तासांचं काम.

सोमवारी मी नवी इमेज लावली आणि बटण दाबलं. मशीनने तारेवर विचारलं, 'माझा नंबर काय, आणि मी काय वाचू?' नंबर मिळाला, आणि पुढे काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं की वाचायला फाइल मिळाली नाही. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र सुरळीत सुरू झालं आणि मधेच कोणीतरी मेन स्विच बंद केला. चौथ्यांदा नाही. शेजारचं मशीन झालं. त्याच्या शेजारचं नाही. मंगळवारी मी तारा बदलल्या, स्विच बदलला, सर्व्हर दोनदा नव्याने उभा केला आणि संध्याकाळपर्यंत एका मशीनच्या पाठीवर चापटही मारली. तिचा थोडा उपयोग झाला.

ही बातमी पसरली तसे जाणकार वाढले. खिडकीजवळची मशीनं चालतात, असं लेखा विभागाने शोधलं. दक्षिणेकडे तोंड असलेली चालत नाहीत, असं ग्रंथपालांनी शोधलं. अर्थिंगचा खड्डा उकरून त्यात नवं मीठ आणि कोळसा टाकला गेला. शेवटी बडे बाबूंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. समितीने सर्व्हरला हळदकुंकू लागलंय का, असा प्रश्न मला लेखी विचारला. मी लेखी उत्तर दिलं की दसऱ्याला लागलं होतं.

गुरुवारी साहेब मिटिंगसाठी नागपूरलाच थांबले. केबिन बंद, केबिनचा स्विच बंद. समितीला उत्तरं लिहिण्यात सकाळ गेली; दोन वाजता मी सवयीने, काही आशा न ठेवता, पहिल्या रांगेतली मशीनं लावली आणि नऊच्या नऊ सुरू झाली. साहेब नसताना आमच्याकडे माणसं काम करत नसत. मशीनं करू लागली. दुपारी तीन वाजता साहेबांची गाडी फाटकातून आत आली. चार वाजता दहावं मशीन अडलं.

त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तपासून बघितलं, तारेवर उत्तर देणारे दोन जण होते. एक माझा सर्व्हर. दुसरा कोणी तरी, ज्याची तार साहेबांच्या केबिनकडून येत होती. जावयाने बसवलेला घरगुती राउटर. त्याची एक बाजू केबिनमधल्या कार्यालयाच्या तारेत खुपसलेली, तीही चुकीच्या भोकात. बसस्टँडवर नवखा माणूस 'पवनीची गाडी कुठं लागते' विचारतो, तेव्हा चौकशी खिडकीतला माणूस चष्मा शोधेपर्यंत बाकावरचा कोणी रिकामा माणूस हात दाखवून मोकळा होतो. राउटर तसाच. नंबर झटकन देऊन टाकायचा, पण फाइलचं विचारलं की त्याला काहीच ठाऊक नाही. जे मशीन माझ्या सर्व्हरचं आधी ऐकेल ते चालायचं, जे राउटरचं ऐकेल ते बसायचं.

म्हणजे गुरुवारी चार वाजता मला रोग कळला होता. औषध एवढंच होतं की केबिनमध्ये जायचं आणि म्हणायचं, "साहेब, हा डबा काढा. तो इथे लावणंही नियमात बसत नाही." माझी कंत्राटाची फाइल त्याच केबिनमध्ये, त्याच टेबलावर, वरून तिसरी होती. मी समितीला अहवाल दिला की बिघाड 'बाह्य घटकामुळे' होत आहे.

समितीने बाह्य घटकावर शुक्रवारभर चर्चा केली आणि लॅबच्या दारावर सूचना लावली: बाहेरील व्यक्तींना सक्त मनाई. मुलाची आत्या शनिवारी आली होती, तिला परत पाठवण्यात आलं. नऊ मशीनं तयार, एकतीस बाकी, आणि मी मूग गिळून बसलो होतो. हाताने करावीत तरी दोन दिवसांत चार झाली असती.

सोमवारी सकाळी दहाला मामा झाडू घेऊन लॅबच्या दारात उभे राहिले.

"सर, सायबाच्या कपाटात त्या बक्षिसाच्या ढालीच्या मांगं नवा डबा लागला हाये. हिरव्या लायटा मारते. त्याच्यानं तर नाही होऊन राहिलं?"

मी म्हणालो, "त्याच्यानेच होतंय, मामा."

"मंग सांगा न सायबाले."

"सांगायला पाहिजे."

मी उठलो नाही. मामा थोडा वेळ थांबले. मी त्यांना काढा म्हटलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो, आणि पुढे कित्येक दिवस मी स्वतःला हेच शपथेवर सांगत होतो. पण मी त्यांना एवढं सांगितलं की साहेब साडेअकराला येतात, आणि सगळी मशीनं एकदा सुरू झाली की नंतर तो डबा पुन्हा लावला तरी चालतं. ते ऐकून मामा केबिन झाडायला गेले. हे सांगायची मला काही गरज नव्हती.

दहा मिनिटांनी मी एकतीस मशीनं लावली आणि एकतीसही एका रांगेत चालू झाली. दुपारी दीडच्या आत पवनीचा घाट चाळीस पडद्यांवरून पुसला गेला. साडेअकराला साहेब आले. बाराच्या सुमारास त्यांच्या मोबाइलवर काही उघडेना. त्यांनी स्वतः कपाट उघडलं, ढाल बाजूला केली आणि प्लग खाली लोंबताना बघितला. मामांना तो परत लावायला वेळ मिळाला नव्हता. बडे बाबूंनी त्यांना टपाल घेऊन पाठवलं होतं.

सगळ्यांना बोलावलं गेलं. मी दाराजवळ उभा होतो. साहेबांनी विचारलं, "हे कोणी काढलं?"

भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता, जुना, गोंदियासकटचा. मी तो फार लक्षपूर्वक वाचला.

"मी काढलं सायेब," मामा म्हणाले.

"कशासाठी?"

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी बघत होतो, म्हणून मला माहीत आहे. "झाडताना निघालं जी."

"झाडताना कपाटातली ढाल सरकवून निघालं?"

मामांनी टपालाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. बडे बाबूंचा चेहरा उतरला होता. जावयाची वस्तू होती. त्या खोलीत त्या वेळी मी एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, ते माझ्या कामासाठी काढावं लागलं. एवढंच. मी बोललो नाही. दुपारी मामांना 'अधिकाऱ्याच्या उपकरणास विनापरवानगी हात लावल्याबद्दल' कारणे दाखवा नोटीस मिळाली. तिची नक्कल सेवापुस्तकाला लागली.

मंगळवारी तपासणीस आले, चाळीस कोरी मशीनं बघून त्यांनी मान डोलावली. साहेबांनी त्यांच्यासमोर माझी पाठ थोपटली. बुधवारी मामांना चिठ्ठीत तेवीस नंबर आला. मी लॅबच्या बाहेर उभा होतो. आतून सगळ्यांच्या आवाजात एक आवाज मला वेगळा ऐकू येत होता, एका सुरातला. निकाल लागला तेव्हा मामा पास होते, आणि चांगले पास होते. त्यांनी मला पेढा दिला. मी तो खाल्ला.

नोटीस तेवढी उरली होती. नोटीस प्रलंबित असेपर्यंत बढती समिती नाव पुढे घेत नाही, हा नियम बडे बाबूंच्या टेबलाच्या काचेखाली होता. मामा एका दुपारी माझ्याजवळ येऊन बसले. प्रथमच बसले, एरवी ते माझ्यापुढे उभे राहत.

"सर, दोन ओळी लिहून द्या न. का कामासाठीच काढला म्हणून. सायेब तुमचं ऐकते. समितीची मिटिंग या शनिवारी हाये."

"देतो ना, मामा. उद्या देतो."

सोमवारी ते म्हणाले आणि मी मंगळवारी दिलं नाही. बुधवारीही नाही. माझी फाइल वरून पहिली आली होती. मी स्वतःला समजावलं की शनिवार लांब आहे. सही झाली की लगेच लिहू, साहेबांना तोंडावर सांगू, डब्याचा नियमही काढून दाखवू. मनातल्या मनात मी फार निर्भीड भाषण तयार केलं होतं. मामा रोज एकदा दारातून डोकावत, मी मान हलवत असे, आणि ते समजल्यासारखे निघून जात. शुक्रवारी संध्याकाळी बडे बाबूंनी सांगितलं की सही झाली, प्रत सोमवारी मिळेल. सही झाली होती. मला भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मी म्हटलं, प्रत हातात येऊ दे.

सोमवारी अकराला मला प्रत मिळाली. मी लॅबमध्ये जाऊन दार लावलं आणि ते पत्र एका बैठकीत लिहून काढलं. सगळं लिहिलं. बिघाड कशाने होता, मला तो कधी कळला, मी अहवालात काय लपवलं, आणि मामांनी प्लग काढला नसता तर केंद्र रद्द झालं असतं. दोन ओळींची दोन पानं झाली. इतकं खरं मी त्या नोकरीत दुसरं काही लिहिलं नव्हतं. मी छापून सही केली आणि मामांना शोधत गेलो. ते व्हरांड्यात पाण्याच्या माठांना कपडा बांधत होते.

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि दोन्ही पानं उभ्याउभ्या वाचली, एकेक ओळ, बोट न फिरवता. मग नीट घडी करून मला परत दिली.

"चांगलं लिहिलं सर," ते म्हणाले. "मिटिंग परवाच झाली जी."